पोटातल्या बाळाचा मृत्यू आणि न्यायवैद्यक तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाई असो, नांदेड किंवा लातूर असो, शवागाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचे प्रश्न सारखेच असतात. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, आशाताई आणि ठाण्याचे जमादारही फोन करून तेच विचारतात. न्यायवैद्यक विभागात ही तपासणी करताना आणि शिकवताना जी उत्तरं आम्हाला वरचेवर द्यावी लागतात, ती इथे सविस्तर लिहिली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी ध्यानात ठेवा: संशय असेल तर बाळाला घाईनं पुरू नका, वार (बाळाला पोटात पोसणारी प्लॅसेंटा) फेकू देऊ नका, आणि अहवाल येईपर्यंत त्या बाईला दोष देऊ नका.

पोटातच गेलेल्या प्रत्येक बाळाचं पोस्टमॉर्टेम होतं का?

नाही. बहुतेक मृत्यूंमागं आजारपणाचं कारण असतं. वाढलेला रक्तदाब, अंगातलं रक्त फार कमी असणं, साखर, वार आधीच सुटणं, जंतुसंसर्ग, बाळातलं जन्मजात व्यंग, यांपैकी काहीतरी. अशा वेळी पोलिसांचा संबंध येत नाही. कारण समजावं म्हणून आईवडिलांची संमती घेऊन रुग्णालयात बाळाची आणि वारेची तपासणी करता येते, आणि ती करून घ्यावी असंच आम्ही सांगतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पोलिसांमार्फत तपासणी होते ती वेगळी. बाईला मारहाण झाली, अपघात झाला, ती भाजली, तिनं विष घेतलं किंवा तिला दिलं गेलं, चोरून गर्भपात केल्याचा संशय आला, उपचारात हलगर्जी झाल्याची तक्रार आली, मुलगी अल्पवयीन आहे, किंवा कालव्यात, उकिरड्यावर बेवारस अर्भक सापडलं, तर पोलीस पंचनामा करून बाळ आमच्याकडे पाठवतात. त्या तपासणीला घरच्यांची संमती लागत नाही आणि तिचे पैसेही पडत नाहीत.

“आमची काही तक्रार नाही” असं लिहून दिलं तर तपासणी टळते का?

नाही. पोलिसांना शंका असेल तर तपासणी होणारच. आणि हे लिहून द्यायची घाई घरात नेमकी कोणाला झाली आहे, तेही पाहिलं पाहिजे. सही बाईच्या नवऱ्याची किंवा सासऱ्याची असते, तिला स्वतःला कोणी विचारलेलंही नसतं, असं पुष्कळदा दिसतं.

सासरच्यांनी पोटावर लाथ मारली आणि बाळ गेलं. खुनाचा गुन्हा लागतो का?

खुनाचा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की आईच्या पोटातल्या बाळाचा मृत्यू घडवणं म्हणजे मनुष्यवध नव्हे. पण बाळाचा कोणताही भाग बाहेर आलेला असताना त्याला मारलं, तर तो सदोष मनुष्यवध होऊ शकतो, मग त्यानं श्वास घेतलेला असो वा नसो.

म्हणून आरोपी सुटला असं मात्र समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत कलम ८८ ते ९४ याच विषयावर आहेत. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला तर कलम ८९, त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गर्भपात करताना बाई दगावली तर कलम ९०. बाळ जिवंत जन्मू नये म्हणून काही केलं तर कलम ९१. बाईच्या जिवावर बेतेल अशी मारहाण केली, ती वाचली पण पोटातलं हालचाल करणारं बाळ गेलं, तर कलम ९२, दहा वर्षांपर्यंत कैद. पूर्वी भारतीय दंड विधानात हीच कलमं ३१२ ते ३१८ या क्रमांकांनी होती. जुन्या खटल्यांत अजून तेच आकडे दिसतात, त्यामुळे गोंधळू नका.

कलम ९२ सिद्ध करायचं तर डॉक्टरांना एकामागून एक चार गोष्टी दाखवाव्या लागतात. बाई गरोदर होती. मार बसला तेव्हा बाळ जिवंत होतं. मार कसा आणि किती जोराचा होता. आणि त्या मारामुळेच बाळ गेलं. यातली एक कडी तुटली की खटला ढिला पडतो. सगळ्यात जास्त तुटते ती दुसरी कडी, कारण मारहाणीच्या आधी बाळाचे ठोके शेवटचे कधी आणि कोणी मोजले होते, याचा कागदच कुणी जपून ठेवलेला नसतो. गरोदरपणाचं कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आशाताईंची नोंदवही, हे सगळं त्याच दिवशी पोलिसांना दाखवा. मूळ कागद देताना झेरॉक्स काढून स्वतःजवळ ठेवा.

बाळ नेमकं कधी गेलं, हे कसं कळतं?

मिनिटाचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. पण तास की दिवस, हे बऱ्यापैकी सांगता येतं, आणि पुष्कळ प्रकरणांचा निकाल तेवढ्यावरच लागतो.

पाणमोट फुटलेली नसेल तर पोटात गेलेलं बाळ सडत नाही, कारण आत जंतू पोहोचलेले नसतात. ते गर्भजलात भिजत राहतं आणि त्याच्या पेशी आपोआप विरघळू लागतात. वैद्यकीय भाषेत याला मॅसरेशन म्हणतात. आधी त्वचेचा वरचा पापुद्रा सुटतो. हातमोजा घातलेल्या बोटानं बाळाच्या पाठीवरून हलकेच पुसलं, तरी तो ओल्या कागदासारखा सरकतो आणि खाली लालभडक, ओलसर अंग दिसतं. सेंटीमीटरभर जागेची त्वचा सुटली असेल, किंवा नाळेचा पांढरट रंग जाऊन ती तपकिरी-लाल झाली असेल, तर मृत्यूला निदान सहा तास झालेत असं धरतात. चेहरा, पोट किंवा पाठ इथली त्वचा सुटली असेल तर निदान बारा तास. पोटाची त्वचा तपकिरी पडली असेल तर चोवीस तास किंवा अधिक. पुढे अंगावर पाण्याचे फोड येतात, सांधे सैल पडतात, डोकं चपटं होतं, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात. हाडांचं हे चढणं सोनोग्राफीतही दिसतं, त्याला स्पॉल्डिंगचं चिन्ह म्हणतात, पण ते यायला सहसा काही दिवस जातात. गर्भजल फार कमी असेल आणि बाळ कित्येक आठवडे पोटात राहिलं तर ते सुकून आक्रसतं. जुळ्यांपैकी एक गेलेलं असताना हे कधी कधी पाहायला मिळतं.

बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर आम्ही थांबत नाही. मूत्रपिंड, यकृत आणि हृदयाचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पेशींच्या केंद्रकांचा निळा रंग कोणत्या अवयवात आधी जातो आणि कोणत्यात नंतर, याचा क्रम ठरलेला आहे. मूत्रपिंडात हा बदल साधारण चार तासांत सुरू होतो, यकृतात चोवीस तासांच्या सुमारास. गेनेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हा क्रम मांडला आणि आजही तोच वापरात आहे.

इथे एक सावधगिरी लागते, आणि मराठवाड्यात ती जास्तच. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना बाळ कपड्यात गुंडाळून दिवसभर टेम्पोत किंवा व्हरांड्यात ठेवलं, तर जन्मानंतरही त्वचा सुटते. ती पोटात सुटली की बाहेर, हे मग सांगणं कठीण होतं. अंगावर हिरवट छटा, पोट फुगलेलं, सडका वास, अशा खुणा दिसल्या तर ते बाहेर आल्यावरचं कुजणं. पोटात भिजलेल्या बाळाचा रंग तांबूस असतो, वास वेगळाच, काहीसा गोडसर असतो, आणि अंगात वायू धरलेला नसतो. म्हणूनच शीतपेटी मिळेपर्यंत बाळ सावलीत, थंड जागी ठेवा, आणि पंचनाम्याला वेळ लागणार असेल तर जवळच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या शीतगृहात ठेवायला सांगा.

दवाखान्यात गेलो तेव्हा ठोके होते असं आम्ही म्हणतो. डॉक्टर म्हणतात, बाळ आधीच गेलेलं होतं. खरं कोणाचं?

या भांडणाचा निकाल बाळाच्या त्वचेवरून बऱ्याचदा लागतो, म्हणूनच आधीचं उत्तर इतकं लांबलं. बाळ ताजं असेल, त्वचा शाबूत असेल, नाळ पांढरट असेल, तर मृत्यू कळांच्या काळात किंवा त्याच्या थोडंच आधी झालेला असतो. मग कळा सुरू असताना ठोके कधी कधी मोजले, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता) भरला का, वरच्या दवाखान्यात पाठवायला उशीर झाला का, १०८ ची गाडी किती वाजता बोलावली, या सगळ्याची चौकशी रास्त ठरते. उलट, भरती होऊन चारच तास झालेत आणि बाळाच्या पाठीपोटाची त्वचा मोठ्या प्रमाणात सुटलेली आहे, तर ते भरतीच्या आधीच गेलेलं होतं. त्यासाठी डॉक्टरला मारहाण करण्यात किंवा काचा फोडण्यात काही अर्थ नसतो. तपासणी दोन्ही बाजूंना न्याय देते, पण बाळ आमच्यापर्यंत वेळेत आलं तरच.

केसपेपरची प्रत लेखी अर्ज करून मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांवरच्या फौजदारी गुन्ह्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात घालून दिलेली रीत आजही पाळली जाते: आधी स्वतंत्र, तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घ्यायचं, मग पुढचं पाऊल. ते मत सहसा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडून येतं. तिथे वेळ लागतो, तक्रारदाराचा धीर सुटतो, हे आम्ही पाहतो. पण त्या समितीसमोर वजन कशाला असतं, तर बाळ आणि वार यांच्या लेखी तपासणीला.

वारेचं एवढं महत्त्व का सांगता?

कारण बाळ का गेलं याचं उत्तर बाळापेक्षा वारेत जास्त वेळा सापडतं, आणि नेमकी तीच फेकली जाते. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते, घरी बाळंतपण झालं तर परसात पुरतात. पोलीस बाळ घेऊन येतात, आम्ही वार कुठे आहे म्हणून विचारतो, आणि कुणालाच काही सांगता येत नाही.

टेबलावर वार घेतली की आधी पडदे आणि नाळ कापून तिचं वजन करतात. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची असते, फार हलकी असेल तर बाळाला पोटात पुरेसं मिळत नव्हतं. मग ती पालथी घालून आईच्या बाजूचा पृष्ठभाग बघतात. तिथे काळसर, घट्ट चिकटलेली रक्ताची गाठ असेल आणि तिच्याखाली वार दबून खळगा पडलेला असेल, तर वार आतल्या आत सुटली होती. बाळंतपणानंतर पडलेलं सैल रक्त धुतल्यावर निघून जातं, ही गाठ जात नाही, आणि तिचा खळगा तर राहतोच. नंतर सुरीनं सेंटीमीटरभर जाडीचे काप घेतात. रक्तदाबाच्या रुग्णाच्या वारेत जागोजागी कडक, फिक्या रंगाचे मेलेले भाग दिसतात. शेवटी नाळ बघतात: लांबी, पीळ, खरी गाठ, रक्तवाहिन्या तीन आहेत की दोन.

सिस्टरांसाठी एवढंच: वार स्वच्छ, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, बरणीवर आईचं नाव, तारीख, वेळ आणि सही असलेली चिठ्ठी लावा. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी दहा टक्के फॉर्मॅलिन. पण डीएनए तपासायचा असेल तर त्यासाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधीच वेगळा काढून बर्फात ठेवा. फॉर्मॅलिननं डीएनए खराब होतो, आणि ती चूक नंतर दुरुस्त होत नाही.

नाळ गळ्याभोवती होती. फास बसून गेलं का?

केवळ नाळ गळ्यात होती म्हणून तसं म्हणता येत नाही. चार-पाच बाळंतपणांमागं एकात तरी नाळ गळ्याभोवती असते आणि ती बाळं ठणठणीत जन्मतात. नाळ घट्ट होती का, तिच्यावर दाब पडल्याची खूण आहे का, वारेत रक्त साकळलंय का, हे पाहून मगच मत देतात.

किती महिन्यांचं बाळ होतं, हे कसं ठरवतात?

डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी, वजन, पावलाची लांबी आणि हाडं, यांवरून. पाच महिन्यांपर्यंत लांबीच्या सेंटीमीटरचं वर्गमूळ काढलं की महिने निघतात, म्हणजे सोळा सेंटीमीटर असेल तर चार महिने. पुढे लांबीला पाचानं भागायचं, पस्तीस सेंटीमीटरला सात महिने. हा हासे यांचा जुना नियम अजूनही उपयोगी पडतो. हाडांची खूण त्याहून भरवशाची. टाचेचं हाड पाचव्या-सहाव्या महिन्यात, घोट्याचं सातव्यात तयार होऊ लागतं. गुडघ्यापाशी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे पातळ काप घेत गेलं, की पांढऱ्या कूर्चेच्या मधोमध लालसर ठिपका दिसतो. तो असेल तर बाळ निदान ३६ आठवड्यांच्या आसपास पोहोचलं होतं. बाळ पोटात भिजून गेलं असेल तर वजनावर विसंबू नये, हाडावर विसंबावं.

बाळ जिवंत जन्मलं होतं की मृत, हे फुफ्फुस पाण्यात टाकून कळतं म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. ही चाचणी सतराव्या शतकापासून, जर्मनीतून चालत आली आहे. श्वास घेतलेलं फुफ्फुस पाण्यावर तरंगतं, न घेतलेलं बुडतं. पण कुजलेलं फुफ्फुस आतल्या वायूमुळे तरंगतं. मृत जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांनी तोंडातून किंवा पिशवीनं हवा दिली असेल तरी तरंगतं. आणि क्षीण श्वास घेऊन काही वेळ जगलेल्या अशक्त बाळाचं फुफ्फुस बुडूही शकतं. म्हणून सोबत यकृताचा तुकडाही टाकून बघतात. तो तरंगला तर चाचणी निरर्थक, कारण मग कुजण्याचा वायू सगळीकडे आहे. फुफ्फुसाचे छोटे तुकडे दाबून पुन्हा टाकतात, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, जठर-आतड्यात हवा उतरली आहे का ते पाहतात. पोटात भिजलेल्या बाळाच्या बाबतीत तर या चाचणीची गरजच नाही, ते मृतच जन्मलं होतं.

याचा इतका खल करायचं कारण असं की एकट्या तरंगणाऱ्या तुकड्यावरून एखाद्या अविवाहित मुलीवर बाळाला मारल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. उलट पुरावा मिळेपर्यंत मृत सापडलेलं अर्भक मृतच जन्मलं असं धरायचं, हे तत्त्व न्यायवैद्यकात पहिल्याच वर्गात शिकवतात. तपास करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यानं ते पाठ करून ठेवावं असं मला कळकळीनं वाटतं. मृत बाळाला गुपचूप टाकून जन्म लपवला तर कलम ९४ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो गुन्हा आहे, पण खून नाही, आणि या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मोटारसायकलवरून पडलो. बायकोला वरून काहीच लागलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. अपघातानं गेलं असं म्हणता येईल का?

येऊ शकतं. पोटावर दणका बसला की गर्भाशयाची भिंत लवते, वार लवत नाही, आणि ती सुटते. बाईच्या अंगावर ओरखडाही नसतो. वार सुटल्याची लक्षणं काही तासांत, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत दिसतात. म्हणून गरोदर बाईचा अपघात झाला तर लागलेलं नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, ठोके मोजून घ्या आणि एमएलसी (पोलिसांना कळवायचं वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद करायला सांगा. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं का, हे पाहणारी क्लायहॉवर-बेटके ही रक्ततपासणीही अशा वेळी मोठ्या रुग्णालयात करता येते. अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना हे सगळे कागद लागतात. पोटातल्या बाळाच्या मृत्यूबद्दल वेगळी भरपाई देणारे निकाल काही उच्च न्यायालयांनी दिलेले आहेत.

गोळ्या घालून किंवा कुणाकडून गर्भ पाडला असेल तर काय तपासतात? मुलगी होती की मुलगा, हे लिहितात का?

हो, लिहितात. लिंगनिदानाला बंदी आहे ती जन्माआधी. मृत्यूनंतर तपासणीत लिंग नोंदवणं हा गुन्हा नाही, उलट तो पुरावा असतो. गर्भ लहान असेल आणि नजरेनं ठरत नसेल तर डीएनएवरून ठरतं.

या प्रश्नावर मराठवाड्याला मान खाली घालावी लागते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. २०१२ मध्ये परळीत एका बेकायदा गर्भपातात बाई दगावली आणि ते प्रकरण राज्यभर गाजलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा. बाईनं गर्भलिंगनिदान करून घेतलं तर, उलट सिद्ध होईपर्यंत, नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं असंच न्यायालय गृहीत धरतं. सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गरोदर बाईचा ‘एफ’ फॉर्म भरून दोन वर्षं जपावा लागतो. त्या फॉर्मची तारीख आणि आमच्या तपासणीतलं गर्भाचं वय जुळवून पाहिलं की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

तपासणीत बाईच्या गर्भाशयाला, योनीला इजा आहे का, काडी किंवा अवजार घातल्याची खूण आहे का, ते स्त्री-डॉक्टर पाहतात. चित्रक, रुईचा चीक असल्या गोष्टींनी त्वचा भाजल्यासारखी होते. रासायनिक तपासणीचे नमुने छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात.

आणि कायदेशीर गर्भपात हा बाईचा हक्क आहे, हे विसरू नका. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं तो सरकारी दवाखान्यातही होतो. ही वाट माहीत नसल्यानं किंवा लाजेपोटी बाया भलत्या ठिकाणी जातात.

आम्ही ऊसतोडीला गेलो होतो. फडातच पोटात दुखायला लागलं, बाळ मेलेलं जन्मलं. गावी आणून तपासणी करावी का?

संशय असेल तर तिथल्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात करा. सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावहून बीडपर्यंत गाडीत आणेस्तोवर बाळ खराब होतं आणि वार तर फडातच राहिलेली असते. मुकादम म्हणतो, कारखान्याचं नाव नको, गावाकडं जाऊन काय ते करा. ऐकू नका. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंद होऊन ती पुढे वर्ग होते.

मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणाऱ्या आठव्या महिन्यातल्या बाईचं हिमोग्लोबिन कुणी मोजलेलं नसतं, रक्तदाब कुणी बघितलेला नसतो. अशा वेळी आमच्या अहवालात कारण म्हणून वार सुटणं किंवा रक्तक्षय असं येतं. उचलीपायी शेवटच्या दिवसापर्यंत काम करावं लागलं, हे लिहायला त्या फॉर्मात रकाना नाही. म्हणून पंचनाम्यात आणि डॉक्टरांना सांगताना कामाचे तास, वजन, पडल्याचं, मार बसल्याचं, सगळं मोकळेपणानं सांगा. आम्ही ते पूर्वेतिहासात लिहून घेतो.

अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली आणि गर्भ गेला. डीएनएनं बाप ठरतो का?

ठरतो. गर्भाचा स्नायू किंवा हाडाचा तुकडा, मुलीचं रक्त आणि संशयिताचं रक्त, असे तीन नमुने लागतात. फार लहान गर्भ असेल तर वारेचा भाग घेतात, पण त्याला चिकटलेलं आईचं रक्त नीट धुवावं लागतं, नाहीतर अहवालात आईचाच डीएनए येतो. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत दवाखान्यानं गर्भ कचऱ्यात टाकायचा नाही, मोहोरबंद करून पोलिसांकडे द्यायचा. मुलीचं नाव, गाव कुठेही बाहेर जाऊ देऊ नका, आशाताईंनीसुद्धा नाही.

बाळ पुरलं आणि नंतर संशय आला. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बहुधा तहसीलदारांच्या, आदेशानं आणि त्यांच्या समोर बाळ बाहेर काढतात. स्वतः उकरू नका. आपल्या काळ्या मातीत ओल राहते, मऊ भाग लवकर जातो, पण हाडावरून वय आणि डीएनए मिळू शकतो. मृत्यूची वेळ आणि कारण मात्र बहुधा हातचं गेलेलं असतं.

ग्रहणात भाजी चिरली, नजर लागली, म्हणून बाळ गेलं असं सासू म्हणते.

ग्रहणाचा किंवा नजरेचा काहीही संबंध नाही. एकाही अहवालात असं कारण कधी येणार नाही. अहवाल आला की तो घरातल्या मोठ्यांसमोर डॉक्टरांकडून मोठ्यानं वाचून घ्या. कागदावर ‘वार सुटल्यामुळे’ असं लिहिलेलं असलं की पुष्कळ घरांत बोलणी थांबतात, हे पाहिलेलं आहे.

मृत जन्माची नोंद करावी लागते का?

२८ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा मृत जन्म असेल तर हो, २१ दिवसांच्या आत, वेगळ्या फॉर्मवर. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखाना कळवतो, घरी झालं असेल तर ग्रामपंचायतीत सांगावं लागतं.

तपासणीनंतर बाळ आम्हाला मिळतं का? त्याच्या आईला बघता येईल का?

मिळतं. शिवून, पुसून, कपड्यात गुंडाळून देतात. आणि आईला बघायचं असेल तर बघू द्या. “तिला दाखवू नका, सहन होणार नाही,” असं बाहेरचे लोकच ठरवतात. तपासणीच्या आधी विचारलं तर बहुतेक विभाग व्यवस्था करतात. मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही, म्हणून मागा. वीस आठवड्यांहून लहान गर्भ दवाखाना जैविक कचऱ्याच्या नियमाप्रमाणं पिवळ्या पिशवीत घालतो. तो घरी न्यायचा असेल तर आधीच सांगावं लागतं.

अहवालात “मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही” असं आलं. म्हणजे काही दडवलं का?

दडवलेलं नसतं. सगळं वेळेवर मिळूनही बऱ्याच बाळांच्या मृत्यूचं कारण सापडत नाही, जगभर हीच स्थिती आहे. पण त्या एका ओळीवर थांबू नका. पोस्टमॉर्टेमचा कागद आधी येतो, सूक्ष्मदर्शकाचा आणि रसायनाचा अहवाल नंतर वेगवेगळा येतो, आणि ते सगळे एकत्र करून अंतिम मत मागावं लागतं. ते मागायचं काम तपास अधिकाऱ्याचं. ठाण्यात जाऊन ‘अंतिम मतासाठी पत्र गेलं का’ असं नेमक्या शब्दांत विचारा, जावक क्रमांक लिहून घ्या, आणि तो क्रमांक घेऊन आमच्या विभागात या.